न हलणारा कॅमेरा

पंचवीस वर्षं मी जर्मनीत आखनमध्ये राहते आणि त्यातली निदान वीस वर्षं दुसऱ्यांचे फॉर्म भरते. धंदा म्हणून नव्हे. पोटासाठी मी एका दाताच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसते. पण पुण्या-मुंबईहून नवीन जोडपं आलं की आठ दिवसांच्या आत कुणीतरी त्यांना माझा नंबर देतं, आणि मग सुरू होतं. लतिकाताई, पत्ता नोंदवायच्या आनमेल्डुंगला घरमालकाची सही लागते का? लतिकाताई, आरोग्यविम्याच्या क्रांकेनकासेचं पत्र आलंय, वाचून दाखवता का? ज्या ऑफिसचं पत्र असतं ते ऑफिस बसने दहा मिनिटांवर असतं, तिथे उत्तर द्यायला पगारी माणूस बसलेला असतो, पण आपल्या लोकांना तिथे जाऊन विचारायचं नसतं. विचारलं तर फाईल उघडेल, नाव लक्षात राहील, नसती चौकशी मागे लागेल. त्यापेक्षा लतिकाताई बऱ्या. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? कुणाच्या घरी गेले की मला सोफ्यावरची मधली जागा मिळायची आणि चहा पहिला माझ्या हातात यायचा.

अहिल्या घाटगेबद्दल लिहायचं म्हणून बसले आणि सुरुवात माझ्यापासून करावी लागली, याचा मला राग येतो. पण तिच्या गोष्टीतून मला वगळता येत नाही. माझी फार इच्छा असूनसुद्धा.

अहिल्या २००१च्या ऑक्टोबरात लग्न होऊन आली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तिच्या वडिलांचं, आत्माराम मिस्त्रींचं, लेथचं वर्कशॉप. तिने डिप्लोमा मेकॅनिकलचा केला होता, पण खरं शिक्षण वर्कशॉपमध्ये झालेलं. बारक्या चणीची, वेणी घट्ट घातलेली, आणि हात मात्र अंगाच्या मानाने मोठे. कोल्हापूरच्या बायकांसारखं ती ‘मी आलो, मी गेलो’ असं बोलायची. पुण्याची सासू दर रविवारी फोनवर ते सुधारायची आणि अहिल्या ‘हो आई, चुकलो’ म्हणायची.

पहिल्यांदा माझ्याकडे चहाला आली तेव्हा आमचं जेवणाचं टेबल डुगडुगत होतं. बारा वर्षं डुगडुगत होतं. एका पायाखाली मी पुठ्ठ्याची घडी ठेवलेली. अहिल्याने चहा बाजूला ठेवला, वाकून खाली बघितलं आणि म्हणाली, “ताई, पाय आखूड नाही वो. वरचा बोल्ट ढिला हाय. पाना असंल का?” पाना नव्हताच आमच्याकडे. तिने स्वतःच्या पर्समधून काढला. पर्समध्ये पाना घेऊन फिरणारी बाई मी जर्मनीत पाहिली नव्हती, महाराष्ट्रातही नाही. टेबल आजही हलत नाही.

तिचा नवरा प्रसन्न घाटगे. इथेच मास्टर्स करून एका इंजिनिअरिंग कंपनीत लागलेला. गाड्यांच्या सस्पेन्शनची गणितं कॉम्प्युटरवर करायचा. मुलगा हुशार, बोलायला लाघवी, जर्मन तर इतकं सफाईदार की फोनवर लोकांना तो इथलाच वाटायचा. हाताला ग्रीस मात्र कधी लागलं नाही. अहिल्याच्या पासपोर्टमध्ये शिक्का होता: नोकरीधंद्याला परवानगी नाही. तेव्हा बायकोच्या व्हिसावर सगळ्यांनाच तो मिळायचा. कॉलेजात पहिली आलेली, बँकेत ऑफिसर असलेली, सगळ्या जणी एका शिक्क्यासरशी घरी. काही रडायच्या, काही केक करायला शिकायच्या. अहिल्या गावभर पायी फिरायची. श्पेर्मुलच्या दिवशी लोक जुनं सामान रस्त्यावर काढून ठेवतात, त्यातल्या मोडक्या सायकलींच्या क्लॅम्प, नट, चांगले बोल्ट काढून आणायची. बाल्कनीत एक डबा ठेवला होता तिने. प्रसन्नला त्या डब्याची लाज वाटायची, शेजारी काय म्हणतील म्हणून.

आणि मग प्रसन्नला ट्रॅकचं वेड लागलं. आखनहून तासाभरावर, आयफेलच्या डोंगरात, गाड्यांच्या शर्यतींचा तो प्रसिद्ध ट्रॅक आहे. रविवारी तिकीट काढून कुणीही आपली गाडी त्यावर पळवू शकतो. प्रसन्नने ऑफिसातल्या दोघांबरोबर एक जुनी गोल्फ गाडी घेतली. मागची सीट काढून टाकली, वजन कमी व्हावं म्हणून. दर पंधरा दिवसांनी तिघं जायचे, दोघं गोल्फमधून आणि एक मोटारसायकलवर. ज्याला त्याला आपल्या फेरीची टेप हवी असायची. वळणावर ब्रेक कुठे दाबला, गाडी कुठे घसरली, ते घरी बसून बघायचं आणि पुढच्या वेळी सुधारायचं, हे एक कारण. दुसरं म्हणजे पाहुण्यांना दाखवायचं. प्रसन्नकडे पुरी-भाजी खाता खाता त्या टेपा मी किती पाहिल्या असतील! पाहिल्या म्हणजे काय, सोसल्या. पडद्यावर सगळं थरथरत असायचं. रस्ता, स्टिअरिंग, झाडं, सगळ्यांचा मिळून एक राखाडी गोळा, आणि वर वाऱ्याचा घोंगाट. मला तर खाल्लेलं वर यायचं.

कॅमेरा चांगला होता, छोट्या कॅसेटचा, लग्नासाठी घेतलेला. प्रसन्नने तो आधी पुढच्या काचेला रबरी सक्शन कपाने चिकटवला. तो तिसऱ्या वळणावर पडला. मग स्टँड शेजारच्या सीटवर ठेवून बेल्टने आवळला. मग हेडरेस्टला चिकटपट्टीने गुंडाळला. तीन महिने हे चाललं. मग त्याने ठरवलं की कॅमेराच कमी पडतो आणि महागडा नवीन घ्यायला हवा.

“कॅमेऱ्याला काय झालंय?” अहिल्या म्हणाली. ती पुऱ्या घेऊन आली होती आणि टीव्हीसमोर उभी राहून बघत होती. “सीट हलतंय. सीटमध्ये फोम हाय, खाली स्प्रिंगा हायत. त्यावर काय बी ठेवा, नाचणारच. आणि कॅमेऱ्याला तळाला एकच स्क्रू. एका स्क्रूवर तो मान डोलावणार की.”

“जा, जा, मॅडम,” प्रसन्न म्हणाला. “आता तू मला व्हायब्रेशन शिकव.”

सगळे हसले. मीही हसले. हे लिहून ठेवते, कारण माझ्या हसण्याचा हिशेबही कुठेतरी असायला हवा.

पुढच्या रविवारी प्रसन्नने ट्रॅकवर जायच्या आधी गोल्फ दारात उभी केली होती, तेव्हा अहिल्या आत शिरून मागे ओणवी होऊन काहीतरी मोजत होती. मागची सीट काढली की दोन्ही बाजूंना, सीटची पाठ जिथे अडकते, तिथे लोखंडी कडी उघडी पडतात. ती थेट गाडीच्या पत्र्याच्या सांगाड्याला वेल्ड केलेली असतात. अहिल्याचं म्हणणं इतकंच की या दोन कड्यांच्या मध्ये एक आडवी दांडी अशी ताणून बसवायची, की गाडी आणि दांडी एकच व्हावी. ड्रिल मारायचं नाही, काही कापायचं नाही, म्हणजे गाडीच्या तपासणीत कुणी बोट ठेवणार नाही. दांडी दोन तुकड्यांची, मध्ये एक लांब नट. एका बाजूला उजवे आटे, दुसऱ्या बाजूला डावे. नट फिरवला की दोन्ही टोकं बाहेर ढकलली जातात आणि कड्यांमध्ये घट्ट रुततात. कॅमेरा दांडीला अगदी लगटून, खाली स्क्रू आणि वरून पट्टी, म्हणजे मान डोलवायला जागाच नाही.

हे तिने मला माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या किराणा मालाच्या यादीच्या पाठीवर काढून दाखवलं. मग पेन्सिलीने नीट ड्रॉईंग केलं, मिलिमीटरसकट, सूचना मराठीत, आणि आमच्याच फॅक्सवरून कोल्हापूरला पाठवलं. तीन आठवड्यांनी एका विद्यार्थ्याच्या बॅगेतून, खर्ड्याच्या डब्याशेजारी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली दांडी आली. आत्मारामबापूंनी डावे आटे स्वतः कापले होते. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘पाव मिलिमीटर ढिलं ठेवलंय, थंडीत आवळेल.’

गाडीत दांडी अहिल्याने बसवली. कॅमेऱ्यातलं ते थरथर कमी करणारं बटण बंद केलं, कारण तेच चित्र उलट तरंगवत होतं. फोकस हाताने लांबवर ठेवून दिला, म्हणजे काचेवरच्या माशीकडे कॅमेरा बघत बसणार नाही. माईकवर जुन्या स्वेटरची बाही बांधली. त्या रविवारची टेप मी पाहिली आहे. दोन सीटच्या मधून सगळा रस्ता, प्रसन्नचे हात, स्टिअरिंगवरची त्याची लग्नातली अंगठीसुद्धा. चित्र जागचं हललं नाही. गाडी उसळत होती, जग तिरकं होत होतं, पण कॅमेरा गाडीबरोबर होता. इंजिन कुठे ओरडतं, टायर कुठे किंचाळतात, ते वेगवेगळं ऐकू येत होतं.

“गेनाऊ!” प्रसन्न टाळी वाजवून म्हणाला. “मला हेच तर हवं होतं!”

अहिल्या हसली. तिला त्या वेळी खरोखर आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची आठवण मला आता सर्वांत जास्त टोचते.

ट्रॅकवर ती दांडी लोकांनी पाहिली. तिथे लपून राहत नाही काही, गाड्यांचे दरवाजे उघडे टाकून माणसं तासन्‌तास एकमेकांच्या गाड्यांत डोकावत असतात. त्यांच्यात हेर, म्हणजे आपल्याकडचे श्रीयुत, बोंगार्ट्स होता. साठीचा, उंच, सरळ माणूस. ट्रॅकच्या गाड्यांसाठी सीट आणि बेल्ट बनवायचा छोटा कारखाना त्याचा. त्याने दांडी धरून सगळ्या ताकदीने ओढली आणि गाडी हलली, दांडी हलली नाही. “हे कुणी केलं?” त्याने विचारलं. तेव्हा अहिल्या घरी होती, कारण गाडीत दोनच सीट उरल्या होत्या. प्रसन्नने काय उत्तर दिलं ते मला ठाऊक नाही. पण दोन महिन्यांत पेटंटच्या अर्जाची बोलणी सुरू झाली.

अर्जाबरोबर एक फॉर्म असतो, शोध कुणाचा ते लिहून द्यायचा. एरफिंडरबेनेनुंग म्हणतात त्याला. एका नावाची जागा, खाली आणखी नावांची जागा. २००३च्या मार्चमध्ये प्रसन्नने मला संध्याकाळी क्लिनिकमध्ये फोन केला. समोर दोन पेशंट उभे, एकाचा गाल सुजलेला.

“ताई, पटकन एक विचारायचं होतं. त्या फॉर्मवर अहिल्याचं नाव घातलं तर प्रॉब्लेम येईल ना? म्हणजे, तिच्या पासपोर्टवर तो शिक्का आहे, तुम्हाला माहितीच आहे.”

प्रश्न कसा विचारला आहे ते बघा. मी बघितलं नाही. तेरा-चौदा वर्षांच्या अधिकाराने, सुजलेल्या गालाकडे बघत मी म्हटलं, “नको घालूस बाबा. शोध म्हणजे कामच झालं ना? उद्या व्हिसावाल्या आउसलेंडरआम्टने विचारलं, परवानगी नसताना काम कसं केलं, तर तुझ्याही व्हिसाचं कठीण. तुझं एकट्याचं टाक आणि मोकळा हो.”

“थँक यू ताई. तुम्ही म्हणालात म्हणजे झालंच.”

मला मुळीच माहीत नव्हतं. कुठे वाचलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं. ‘माहीत नाही’ हे दोन शब्द माझ्या तोंडून तोवर कधी निघालेच नव्हते, त्यामुळे त्या दिवशीही निघाले नाहीत.

पेटंट झालं. बोंगार्ट्सने दांडी विकायला काढली आणि ती चांगली खपली. प्रसन्नला त्याने नोकरीवरच घेतलं, नवीन वस्तूंच्या विभागाचा प्रमुख म्हणून. गणितं सोडून प्रसन्न खुशीने गेला. माहितीपत्रकावर त्याचा फोटो आला, हाताची घडी, मागे गोल्फ. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्याचा सत्कार झाला. नारळ आणि शाल माझ्याच हातून दिली. अहिल्या बायकांच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

तिचे वडील दर रविवारी फोनवर एकच विचारायचे: “बाळ, तुझं नाव कुठं छापून आलं का? कागद पाठव. वर्कशॉपात लावतो.” ती म्हणायची, “येतंय बापू. हिकडं सगळं सावकाश असतंय.” हे तिने मला हसत सांगितलं होतं. मी विषय बदलला. २००५च्या डिसेंबरात आत्मारामबापू गेले. अहिल्या एकटीच कोल्हापूरला जाऊन आली. प्रसन्नच्या म्हणण्याप्रमाणे त्याला कामातून निघणं शक्य नव्हतं, आणि ऑफिसात त्याने काही सांगितलंही नाही. परत आल्यावर मी तिला भेटायला गेले. तिने वर्कशॉपबद्दल सांगितलं. भावाने लेथ विकायला काढलं होतं. तिथल्या एका भिंतीवर बापूंनी एका कागदाएवढी जागा रिकामी सोडून बाकी ठिकाणी हत्यारं टांगली होती, असं म्हणाली.

मधल्या काळात कायदा बदलला. अहिल्याच्या पासपोर्टवर नवीन शिक्का बसला, काम करायला परवानगी असलेला. आणि २००७च्या वसंतात बोंगार्ट्सला माणूस हवा होता. आता बोटाएवढे कॅमेरे निघाले होते, ते गाडीच्या बाहेर, चाकाजवळ, दारावर बसवायचे. त्यांच्यासाठी नवीन दांड्या, नवीन क्लॅम्प हवे होते. वर्कशॉपमध्ये उभं राहून, हाताने करून बघणारा माणूस हवा होता. ही जागा जगात कुणासाठी बनली असेल तर अहिल्यासाठी.

ती माझ्याकडे क्लिनिकवर आली, माझ्या जेवणाच्या सुट्टीत. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. म्हणाली, “ताई, ह्यांना म्हटलं, माझं नाव सुचवा. तर म्हणतात, तुला अनुभव काय दाखवायचा? मी म्हटलं, दांडी दाखवा की. तर म्हणतात, आता कसं सांगणार? कागदावर माझं नाव हाय.”

मी म्हटलं, “तेव्हा तसंच करावं लागलं गं. शिक्का होता ना.”

अहिल्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. “ताई, ह्यांनी तुम्हाला फोन करायच्या आदल्या दिवशी मी आउसलेंडरआम्टात जाऊन आलो होतो. एकटाच. रांगेत बसलो, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं. तिथली बाई म्हणाली, डोक्यात कल्पना आली तर ती काय नोकरी नव्हे, खुशाल नाव घाला. घरी येऊन ह्यांना सांगितलं. तेव्हा हे म्हणाले, थांब, लतिकाताईंना विचारतो.”

माझ्या हातातलं सँडविच तसंच राहिलं. “मग तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“ह्यांनी सही केली होती तोवर. आणि तुम्ही नको म्हणालात, हे सगळ्या आखनला कळलं. माझं कोण ऐकणार होतं?”

म्हणजे खिडकीत जाऊन विचारायची अक्कल आमच्या सगळ्यांत एकटीला होती. आणि तिचं खरं उत्तर खोटं पाडायला माझं नाव वापरलं गेलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिचा हात धरला आणि विचारलं, काय करू सांग. ती म्हणाली, “रविवारी दुपारी मी बोंगार्ट्सना जेवायला बोलावलंय. बापूंकडं पाठवलेलं ड्रॉईंग आहे माझ्याकडं. मी दाखवणार आहे. त्यांना मराठी वाचता येणार नाही. तुम्ही या. फक्त जे लिहिलंय ते वाचून सांगा. जास्त काही नको.”

मी म्हटलं, “येते. वचन देते.”

रविवारी गेले. अहिल्याने तांबडा रस्सा केला होता, आणि जर्मन जिभेला सोसावा म्हणून दही घालघालून तो पार गुलाबी केला होता. बोंगार्ट्स फुलं घेऊन आला होता. जेवणं अर्धी झाली तेव्हा अहिल्याने हात पुसले आणि शांतपणे, चांगल्या जर्मनमध्ये सांगितलं, “हेर बोंगार्ट्स, तुमच्याकडच्या त्या जागेसाठी मला अर्ज करायचाय. ती दांडी मी केली होती.”

प्रसन्न हसला. “आल्झो, हिने मदत केली हे खरंय. पहिला नग हिच्याच वडिलांकडून करून घेतला.”

बोंगार्ट्स हसला नाही. त्याने काटा खाली ठेवला. “फ्राऊ घाटगे, पेटंटवर एकच नाव आहे. तुम्ही म्हणता ते खरं असेल, तर तो कागद चुकीचा आहे आणि मला तो दुरुस्त करून घ्यावा लागेल. म्हणून मी नीट विचारतो. तुमच्याकडे काही आहे का?”

हा माणूस भला होता, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. त्याला खरं ऐकायचं होतं. दार सताड उघडं होतं, आत फक्त शिरायचं होतं.

अहिल्याने ड्रॉईंग आणलं. घड्यांवर पिवळं पडलेलं, पेन्सिलीचं. बोंगार्ट्सने चष्मा लावून बघितलं, बराच वेळ. “सुंदर हात आहे,” म्हणाला. “पण सांगणारा एक आणि काढणारा दुसरा, असंही होतं. हे वर काय लिहिलंय?” आणि त्याने कागद माझ्यापुढे केला. “तुम्ही वाचू शकता ना, फ्राऊ कारखानीस?”

वरच्या ओळी अशा होत्या: ‘बापू, हे मी माझ्या डोक्याने काढलंय. ह्यांना अजून दाखवलं नाही. आधी तुम्ही बघून सांगा, आटे धरतील का.’

मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्रसन्न मराठीत बोलला. चेहऱ्यावर हसू तसंच, आवाज पाहुण्याला शोभेल असा. “ताई, जपून. मी एकट्याने केलं असं मी सही करून दिलंय. ते खोटं ठरलं तर माझी नोकरी गेली. आणि कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं, ते मला सांगावंच लागेल. इथेही, आणि मंडळातही. पन्नास घरं तुमच्या सल्ल्याने चालतात, ताई.”

मला वाटलं होतं, अशा वेळी माणूस विचार करतो. नाही करत. मला सोफ्यावरची मधली जागा दिसली, बस्स. आधी मी मापं वाचली, ती बरोबर वाचली. आटे डावे-उजवे, तेही सांगितलं. बोंगार्ट्सने बोट ठेवलं, “आणि ही वरची वाक्यं?” मी तोंडाला येईल ते बोलले. पहिला शब्द ‘बापू’ होता, तोच धरला. “ते घरचं आहे,” मी म्हटलं. “वडिलांची खुशाली विचारलीय. तब्येतीला जपा, असं लिहिलंय.”

अहिल्याला जर्मन येत होतं. प्रत्येक शब्द तिला कळला. ती माझ्याकडे बघत राहिली. मी रश्श्याच्या वाटीकडे. मला वाटलं ओरडेल, निदान म्हणेल की ही बाई खोटं बोलतेय. तिने कागद माझ्या हातातून घेतला, होत्या त्याच घड्यांवर दुमडला आणि मला विचारलं, “भात वाढू, ताई?” मी हो म्हटलं. तो भात मी खाल्लाही.

बोंगार्ट्सचा जीव भांड्यात पडलेला दिसला. कागद दुरुस्त करायचं काम टळलं होतं. तो मऊपणाने म्हणाला, की फ्राऊ घाटगेंना कामाची इतकी आवड असेल तर पॅकिंगमध्ये हात कमी पडतायत, अर्धवेळ, मनात असेल तर. प्रसन्न म्हणाला, फारच छान. अहिल्या जर्मनमध्ये ‘जा’ म्हणाली, म्हणजे हो. तिसरं वर्ष आहे आता, ती दांड्या खोक्यांत भरते. नवीन क्लॅम्पचं काम प्रसन्नच्या हाताखालचा एक मुलगा बघतो, आणि ते क्लॅम्प, ऐकते, परत येतात. मंडळातून मला अजूनही फोन येतात. अहिल्याने पुन्हा कधी केला नाही, आणि समोर आली तर ती नमस्कार करते, वाकून, मोठ्या माणसाला करतात तसा.

पण त्या रविवारचं एक राहिलं. बोंगार्ट्स निघाला. दाराशी त्याने अहिल्याचा हात दोन्ही हातांत घेतला, जेवणाचे आभार मानले, आणि माणूस सभ्य असल्यामुळे, नुकतंच ऐकलेलं लक्षात ठेवून विचारलं, “आणि तुमच्या वडिलांची तब्येत आता कशी आहे?”

आत्मारामबापूंना जाऊन सोळा महिने झाले होते. प्रसन्न बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. मी भिंतीला टेकून उभी होते. अजूनही बोलता आलं असतं मला.

“गुट, डांके,” चांगली आहे, आभारी आहे, असं अहिल्या म्हणाली, आणि तिने बोंगार्ट्सचा कोट खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिला.